घडणं, घडवणं आणि पाळी

मृग जवळ आला की बीड जिल्ह्यात हवामानाचे अंदाज बारकाईनं वाचले जातात. अरबी समुद्रावर, बंगालच्या उपसागरावर हवेचा दाब किती हेक्टोपास्कल आहे, याचे आकडे त्यात असतात. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बिंदुसरेच्या धरणापाशी पाली लागते. तिथल्या शेतकऱ्यालाही हा शब्द आता नवा राहिलेला नाही. दाब उतरला की पावसाची आशा, एवढा अर्थ त्याला पुरतो. याच नावाची संगणकाची एक भाषा आहे. पडद्यावर खिडक्या, मेनू आणि बटणं दिसू लागली, त्या काळातले कितीतरी प्रोग्राम या पास्कल भाषेत लिहिले गेले. त्या प्रोग्रामांचे शब्द मराठीशेजारी ठेवले की मराठीतलेच काही जुने शब्द नव्यानं उलगडतात. त्यांतला एक तर पालीच्या नावातच असू शकेल.

आधी पास्कलचं. ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) हा फ्रेंच गणिती. वडील रूआँ शहरात करवसुलीच्या कामावर होते. त्यांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून १६४२ साली, विशीच्या आतच, त्यानं बेरीज-वजाबाकीचं यंत्र करायला घेतलं. १६४८ साली त्याच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानं पाऱ्याची नळी डोंगरावर नेली. वर जावं तसा पारा उतरतो, म्हणजे हवेचा दाब कमी होतो, हे त्या प्रयोगातून दिसलं. यंत्रावरून त्याचं नाव भाषेला मिळालं आणि पाऱ्यावरून दाबाच्या एककाला. निकलाउस विर्थ यांनी झुरिकमध्ये १९७० साली भाषा मांडली, १९७१ साली एककाचं नाव ठरलं. तीनशे वर्षं थांबलेलं एक आडनाव वर्षभराच्या अंतरानं दोन ठिकाणी रुजलं. आडनावाचा उगम ईस्टरशी आणि त्यामागे हिब्रू 'पेसाख' या सणाशी जोडलेला आहे.

विर्थ यांनी ही भाषा शिकवण्यासाठी केली होती, आणि तिची शिस्त वाचतानाच जाणवते. सुरुवातीला 'प्रोग्राम' आणि त्याचं नाव. मग लागणाऱ्या वस्तूंची जाहीर नोंद. मग 'बिगिन', आणि शेवटी 'एंड'. मधल्या 'एंड'नंतर अर्धविराम येऊ शकतो, पण सगळ्यात शेवटच्या 'एंड'नंतर पूर्णविरामच. 'एंड'नंतरचा पूर्णविराम सगळ्या प्रोग्रामात एकच. अशा प्रोग्रामात कर्ता कोण, याबद्दल शंका नसते. प्रोग्राम माणसाला नाव विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत सगळं थांबतं. मग तो वय विचारतो. आधी वय सांगायची सोय नाही. माणसानं प्रोग्रामच्या मागं चालायचं.

यालाच मी 'घडवणं' म्हणतो. संस्कृतात 'घट्' हा धातू आहे. प्रयत्न करणं, जुळणं, घडून येणं, हे त्याचे अर्थ. प्राकृतात 'ट'चा 'ड' झाला आणि आपल्याला 'घडणं' मिळालं, त्याचं प्रयोजक रूप 'घडवणं'. सोनाराला देतो ती 'घडणावळ', दिवसभरातल्या 'घडामोडी', माणसाची 'जडणघडण', सगळी त्याच घरातली. मूळ संस्कृत रूपही आपण सोडलं नाही. 'घटना' तशीच घेतली आणि दोन अर्थांनी वापरली. संस्कृत 'घटना' म्हणजे जुळवणी, रचना. तो अर्थ मराठीनं 'राज्यघटना'त सांभाळला, म्हणून बाबासाहेब आंबेडकर 'घटनेचे शिल्पकार' होतात. दुसरा अर्थ वर्तमानपत्रात रोज भेटतो: घटनेची माहिती मिळताच पोलीस घटनास्थळी दाखल झाले. हिंदीत पहिल्या अर्थाला 'संविधान' आणि दुसऱ्याला 'घटना' अशी वाटणी आहे. मराठीत रचणं आणि घडून येणं एकाच शब्दात नांदतात, आणि ती मराठीची श्रीमंती आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या जगात हे दोन अर्थ एकमेकांसमोर आले ते १९८३–८४ साली. १९८३ च्या जानेवारीत ॲपलचा लिसा हा संगणक आला, पुढच्या जानेवारीत मॅकिंटॉश. लिसावरचे प्रोग्राम पास्कलमध्ये लिहिलेले होते. मॅकिंटॉशच्या पोटातला तयार प्रोग्रामांचा संच यंत्राच्या जवळच्या भाषेत, म्हणजे असेंब्लीत, होता, पण त्याला हाक कशी मारायची हे पुस्तकांत पास्कलमध्येच सांगितलेलं असे. बिल ॲटकिन्सन यांचा मॅकपेंट हा चित्रं काढायचा प्रोग्राम पास्कल आणि असेंब्लीत होता. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्तीतलाही सुमारे पाऊण भाग पास्कल होता. आज मराठवाड्यातल्या कुठल्याही चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक दिसतो, त्यावरचा चेहरा ज्या फोटोशॉपनं उजळलेला असतो, त्याचा पूर्वज हा.

या यंत्रांवर माणूस कधी काय करील याचा नेम राहिला नाही. तो आधी मेनू उघडील, किंवा खिडकी सरकवील, किंवा काहीच न करता चहाला जाईल. मग 'बिगिन'पासून 'एंड'पर्यंत सरळ चालणाऱ्या प्रोग्रामनं करायचं काय? उत्तर असं निघालं की प्रोग्रामनं मध्यभागी एक चक्र चालू ठेवायचं आणि प्रत्येक फेरीत विचारायचं: काही घडलं का? मॅकिंटॉशवर त्या प्रश्नाचं नाव होतं 'गेटनेक्स्टइव्हेंट'. उत्तरादाखल पास्कलचा एक 'रेकॉर्ड' हाती पडे. त्यात पाच रकाने होते: 'व्हॉट', 'मेसेज', 'व्हेन', 'व्हेअर' आणि 'मॉडिफायर्स'. काय घडलं, कोणती कळ होती, कधी (यंत्र सुरू झाल्यापासून सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागांत मोजून), पडद्यावर कुठं, आणि त्या वेळी सोबत कोणत्या कळा दाबून धरल्या होत्या.

बातमीदाराला शिकवतात ते सगळे प्रश्न जवळजवळ इथं आहेत. नाहीत ते 'कोणी' आणि 'का'. माऊस कोणी दाबला आणि का दाबला, हे यंत्राला कळत नाही आणि त्याला विचारायचंही नसतं. 'इव्हेंट'ला 'घटना' म्हणणं इथं चपखल बसतं, कारण ही नोंद पंचनाम्यासारखीच कोरडी असते. घडवणाऱ्या प्रोग्रामच्या जागी घडण्याची वाट पाहणारा प्रोग्राम आला. धातू तोच राहिला, प्रयोजक प्रत्यय तेवढा गळून पडला.

घटना एकाच वेळी अनेक येतात. बोट भरभर चालतं, प्रोग्राम मागं राहतो. म्हणून त्या रांगेत उभ्या राहतात आणि पाळीपाळीनं हाताळल्या जातात. आता 'पाळी' पाहा. संस्कृत 'पालि' म्हणजे कड, काठ, बांध, आणि ओळ किंवा रांग. कानाची पाळी म्हणजे कानाची कड. विहिरीची पाळ म्हणजे काठ. बुद्धवचनांची भाषा ती पाली, कारण 'पालि' म्हणजे मूळ ग्रंथातली ओळ. ओळीत उभं राहिलं की प्रत्येकाचा क्रम येतो, आणि त्या क्रमालाही मराठीत 'पाळी' म्हणायला लागले. दिवसपाळी, रातपाळी, 'माझी पाळी कधी येणार' ही त्यातलीच. शेतात वखराच्या किंवा कुळवाच्या पाळ्या दिल्या जातात, तिथं पाळी म्हणजे पूर्ण शेतभर फिरलेली एक फेरी. रांग आणि फेरी, प्रोग्रामच्या पोटातल्या दोन्ही गोष्टी, या एका शब्दात आहेत.

पाली हे गावाचं नाव या 'पालि'वरून आलं असेल, किंवा 'पल्ली' म्हणजे छोटी वस्ती यावरून. नावाच्या दोन्ही वाटा शक्य आहेत. माझा कल 'पल्ली'कडे आहे, कारण महाराष्ट्रातल्या बऱ्याच पाली डोंगराच्या कुशीतल्या वस्त्या आहेत आणि ही पालीही बालाघाटाच्या उतारावरच आहे. नाव धरणापेक्षा जुनं असल्यामुळे आजच्या बांधावरून ते पडलेलं नाही, हे मात्र नक्की. तरी 'बांध' असाही अर्थ निघणारं नाव धरणाकाठच्या गावाला असावं, हा योग सुखावणारा आहे.

धरण आलं की 'आवर्तन' हा शब्द येतो. कालव्याला पाणी सोडलं की 'आवर्तन सुटलं', आणि त्यातला शेतकऱ्याचा वाटा म्हणजे 'पाणीपाळी'. प्रोग्रामातल्या 'लूप'ला मराठीत काय म्हणायचं याची चर्चा होते, तेव्हा मला हे दोन शब्द आठवतात. 'वृत्' म्हणजे फिरणं, त्यावरून आवर्तन, आवृत्ती, परतणं. पाटावर दारं धरणारा शेतकरी आठवा. पाणी चालू असतं, तो फावडं घेऊन उभा असतो. वाफा भरला की त्याचं दार मातीनं बुजवतो आणि पुढच्याचं फोडतो. कुठला वाफा कधी भरेल हे जमिनीवर ठरतं. त्यानं फक्त भरल्याची खूण ओळखायची आणि पाणी योग्य जागी वळवायचं. मॅकिंटॉशचा प्रोग्राम हेच करी. माऊस दाबल्याची घटना आली की 'फाइंडविंडो'ला विचारी, हा बिंदू कोणत्या खिडकीत पडतो आणि खिडकीच्या कोणत्या भागात? मथळ्याच्या पट्टीत असेल तर खिडकी ओढायची, कोपऱ्यातल्या चौकोनात असेल तर मिटायची, आत असेल तर मजकुराकडे पोचवायचं.

खिडकीचंही मूळ पाहण्यासारखं आहे. इंग्रजी 'विंडो' जुन्या नॉर्स 'विंडआउगा'वरून आला: वाऱ्याचा डोळा. संस्कृतात खिडकीला 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट, आणि 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा. नॉर्स शब्दाचा एक अर्धा भाग एका शब्दात आणि दुसरा दुसऱ्यात! आपली 'खिडकी' मात्र वेगळ्या घरची. ती 'खडक्किका'वरून आली, आणि त्याचा अर्थ मागचं किंवा बाजूचं छोटं दार. संगणकाच्या खिडकीला हा दाराचा अर्थ जास्त शोभतो असं मला वाटतं. वाऱ्याच्या डोळ्यातून नुसतं पाहता येतं, या खिडकीतून आत जाऊन काम करता येतं. आणि ती स्वतःही घटना पाठवते. वरची खिडकी बाजूला केली की खालचीचा उघडा पडलेला भाग पुन्हा रंगवा, अशी सूचना प्रोग्रामला मिळते.

'बटण' थोडक्यात. मूळ फ्रेंच 'बुताँ', म्हणजे कळी आणि बटण दोन्ही, आणि त्यामागे ढकलण्याचा अर्थ असलेलं क्रियापद. त्याच कुळातला शब्द पोर्तुगीजांकडून येऊन कोकणीत 'बुतांव' झाला. मराठी 'कळ' ही 'कला'वरून आलेली, आणि संस्कृत 'कलिका' म्हणजे चंद्राची कलाही आणि फुलाची कळीही. फ्रेंचांचं बटण कळीतून आलं, आणि आपली यंत्राची कळ कळीच्या शेजारी येऊन बसली. 'कळसूत्री बाहुली' म्हणताना आपण हीच कळ वापरतो. 'कळफलक' हा शब्द म्हणूनच मराठीत परका वाटला नाही. माऊससाठीचा 'मूषक' मात्र कोणी उचलला नाही, आणि ते बरंच झालं.

१९८५ च्या नोव्हेंबरात आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये पास्कल या शब्दाचं एक चमत्कारिक स्थित्यंतर झालं. विंडोजचे प्रोग्राम बहुतेक सी भाषेत लिहिले जात, पण प्रत्येक खिडकीच्या कार्याची ('फंक्शन'ची) घोषणा करताना 'फार पास्कल' असं लिहावं लागे. एका कार्यानं दुसऱ्याला बोलावल्यावर मागे उरलेला पसारा कोणी आवरायचा, याचा पास्कलमधला रिवाज असा होता की ज्याला बोलावलं त्यानं आवरायचा. त्यामुळे जागा वाचत असे, म्हणून तो रिवाज घेतला आणि नावही घेतलं. पुढं ३२ बिटांच्या विंडोजमध्ये रिवाज अर्धाच बदलला. आवरण्याचा नियम तोच राहिला, पण कार्याला लागणाऱ्या वस्तू हवाली करण्याचा क्रम सी भाषेचा झाला. तरी जुने प्रोग्राम चालावेत म्हणून 'पास्कल' हा शब्द तसाच ठेवला आणि त्याला नव्या रिवाजाचा अर्थ दिला. अक्षरं तीच, अर्थ दुसरा. आपल्याकडे 'राजीनामा' असाच आहे. मुळात तो संमतीचा लेख होता.

खुद्द पास्कलही बदलत गेली. १९८३ साली आंदेर्स हेल्सबर्ग यांचा टर्बो पास्कल आला, १९९१ साली त्याची विंडोजसाठीची आवृत्ती, आणि १४ फेब्रुवारी १९९५ रोजी डेल्फी. डेल्फीत बटण, यादी, मजकुराची चौकट हे सगळे 'कंपोनंट' म्हणजे घटक होते. 'घटक'ही 'घट्'चाच. घटक उचलून खिडकीवर ठेवायचा आणि त्याच्या घटनांना उत्तरं लिहायची. मघाच्या पाच रकान्यांत नसलेला 'कोणी' इथं एका अर्थानं परत आला. जवळजवळ प्रत्येक उत्तराला 'सेंडर' नावाची वस्तू मिळू लागली, म्हणजे ही घटना कोणत्या घटकाकडून आली ते कळू लागलं.

घटनांची नावं होती 'ऑनक्लिक', 'ऑनचेंज', 'ऑनक्लोज', 'ऑनआयडल'. या 'ऑन'चं मराठी करताना अडायचं कारण नाही, कारण मराठी क्रियापदात तो आधीच आहे: दाबल्यावर, बदलल्यावर, मिटल्यावर. 'वर' म्हणजे इंग्रजीतला 'ऑन'च. टेबलावरच्या वस्तूसाठी जो प्रत्यय, तोच घटनेनंतरच्या क्षणासाठी. दोन्ही भाषांनी जागेचा शब्द काळासाठी वापरला, पण मराठीनं तो क्रियापदाला जोडून टाकला आणि शेजारी आणखी छटा ठेवल्या. 'ऑनआयडल'ला 'रिकामं असताना', आणि खिडकी मिटण्याआधी परवानगी विचारणाऱ्या 'ऑनक्लोजक्वेरी'ला 'मिटण्याआधी'. त्या घटनेला एक रकाना असतो, 'कॅनक्लोज'. मजकूर जतन केलेला नसेल तर प्रोग्राम तिथं 'नाही' लिहितो आणि खिडकी उघडीच राहते. त्या रकान्यातला प्रश्न मराठीत दोन शब्दांत मावतो: मिटू का?