बँजो कुणाचा?

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपण ज्याला बँजो म्हणतो, ते वाद्य मुळात जपानी आहे. टाइपरायटरसारखी बटणे असलेले तैशोगोतो हे वाद्य १९१२ च्या सुमारास नागोयात तयार झाले. भारतात ते बुलबुल तरंग झाले आणि आपल्याकडे त्याला बँजो हे नाव चिकटले. हे नाव ज्या वाद्याचे आहे, त्या मूळ बँजोबद्दल आम्ही लिहितो आहोत. गोल पोकळ अंगावर ताणलेले कातडे, लांब दांडी आणि बोटांनी छेडायच्या तारा. उद, सतार, गिटार यांच्याच कुळातला हा बँजो आज अमेरिकेतल्या डोंगराळ भागातील गोऱ्या शेतकऱ्याची ओळख मानला जातो. तो मुळात गुलामांनी घडवलेला आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा त्या गुलामांच्या वाद्याचे काय झाले हे आपल्याला माहीत असायला हवे.

हान्स स्लोन हा डॉक्टर १६८७ ते १६८९ या काळात जमैकात होता. १७०७ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात गुलामांच्या तंतुवाद्यांचे चित्र आहे. भोपळा पोखरून, त्यावर कातडे ताणून ती केलेली होती. (याच स्लोनच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभे राहिले आणि त्याच्या संपत्तीत जमैकातील मळ्यांचा पैसा होता, हेही लक्षात असू द्या.) वेगवेगळ्या भाषांची, वेगवेगळ्या टोळ्यांची माणसे जहाजात कोंबून आणली गेली. त्यांनी मळ्यावर जे हाताशी आले त्यातून आठवणीतली वाद्ये पुन्हा जुळवली. म्हणून बँजो नुसता 'आफ्रिकेतून आला' असे म्हणणेही अपुरे आहे. तो गुलामीत घडला. १७३९ च्या स्टोनो उठावानंतर साउथ कॅरोलायनाने १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे बाळगायला बंदी केली. लांबवर आवाज न जाणारे हे वाद्य मात्र झोपड्यांत टिकून राहिले.

थॉमस जेफरसनने स्वतः लिहून ठेवले आहे की हे वाद्य काळ्या लोकांनी आफ्रिकेतून आणले. त्याच पुस्तकात तो काळ्यांना बुद्धीने कमी ठरवतो! वाद्य मान्य, वाजवणाऱ्याचे डोके अमान्य. हा न्याय आपल्याला नवा नाही.

पुढे जोएल स्वीनी (१८१० ते १८६०) या व्हर्जिनियाच्या गोऱ्या वादकाच्या नावावर बँजोची आखूड तार जमा झाली. अंगठ्याने वाजणारी ही तार म्हणजे बँजोची खूण. पण १७८५ ते १७९० च्या सुमाराचे, मळ्यावर नाचणाऱ्या गुलामांचे 'द ओल्ड प्लँटेशन' हे चित्र पाहा. त्यातल्या वादकाच्या हातातील वाद्याला ती आखूड तार आहे. स्वीनीचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

१८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तोंडाला काजळी फासून काळ्यांची टिंगल करणारे चार गोरे रंगमंचावर उभे राहिले आणि त्यांच्या हाती बँजो होता. हा धंदा देशभर चालला. पुढे वर्णभेदाच्या कायद्यांना 'जिम क्रो' हे नाव मिळाले, तेही अशाच काजळी फासलेल्या एका नटाच्या पात्राचे. आमचा रंगही चोरून पैसा करता, अशी झोड फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८ मध्ये उठवली. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी काळ्यांचे संगीत आणि गोऱ्या ग्रामीणांचे संगीत अशी वेगवेगळी कपाटे केली. बँजो गोऱ्यांच्या कपाटात गेला. काळ्या तरुणांनीही तो खाली ठेवला. गिटार आणि ब्लूज हे एक कारण होतेच, पण टिंगलीचे चिन्ह झालेले वाद्य हातात कोण घेणार?

इथे आपल्याकडचा वाद आठवतो. धर्मांतरानंतर अनेक गावांत आपल्या लोकांनी गावकीचे वाजवणे सोडले. आज काहीजण म्हणतात, कला गमावली. आम्हाला हे पटत नाही. हुकमाने वाजवायचे नाकारणे हा स्वाभिमान होता. आंबेडकरी जलशाने तुणतुणे हाती ठेवले ते स्वतःच्या शब्दांसाठी. प्रश्न वाद्याचा नाही, ते कुणाच्या सांगण्यावरून वाजते याचा आहे. आणि आफ्रिकेला स्वर्ग समजण्याचेही कारण नाही. सेनेगलच्या सेरेर समाजात ग्रिओ, म्हणजे वंशपरंपरागत गायक-वादक, मेल्यावर त्यांना जमिनीत जागा मिळत नसे. त्यांची प्रेते बाओबाबच्या पोकळ खोडात ठेवत.

गॅम्बियाच्या जोला समाजातले डॅनियल जट्टा यांनी अमेरिकेत बँजो ऐकला आणि त्यांना आपल्या गावचे आकोंतिंग आठवले. भोपळा, बकरीचे कातडे, तीन तारा आणि त्यातली एक आखूड. नखाने वरून खाली मारायची पद्धतही जुन्या बँजोवादनासारखीच. कागदावरून पुसलेला पुरावा हाताने जपून ठेवला होता.

२००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे भेटलेले रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघे तरुण ऐंशी ओलांडलेल्या जो थॉम्पसन या कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या घरी दर आठवड्याला जाऊन बसू लागले. त्यांच्या घराण्यात ही जुनी गाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, आणि ती शिकायला तोवर फारसे कुणी काळे तरुण आलेले नव्हते.