निवडक पलटण आणि तिचा दरवाजा

सदरहून सीताबर्डीचा किल्ला हाकेच्या अंतरावर आणि कामठीची छावणी तासाभराच्या आत. सैन्य इथल्या मुलांना परके नाही. भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या एका विद्यार्थ्याने परवा वर्ग सुटल्यावर विचारले, "सर, कमांडोंच्या पलटणीत आपल्याला घेतात का?" त्या 'आपल्याला' या शब्दात शतकाहून जुना इतिहास दडलेला आहे.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा-कोरेगावला मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढे दिवसभर टिकली. तिच्यात महार सैनिक लक्षणीय संख्येने होते. स्तंभावर 'नाक'ने संपणारी त्यांची नावे कोरलेली आहेत. या माणसांना कशाने घडवले? रक्ताने नव्हे. नियमित पगार, रोजची कवायत, हाती दिलेली बंदूक आणि शेजारच्या शिपायावरचा विश्वास यांनी घडवले. गावात ज्याची सावली चालत नव्हती, तो पलटणीत शिपाई झाला.

मग सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात 'लढवय्या जाती'चा सिद्धांत बळावला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. लढाई हरली म्हणून नव्हे, केवळ जन्माच्या कारणाने. गुणवत्ता तीच राहिली, मोजपट्टी बदलली. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्ज केले. महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली गेली. सुभेदार रामजींच्या पुत्राने, बाबासाहेबांनी, हा प्रश्न पुन्हा लावून धरला. ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावला आणि दुसरी आपल्या कामठीला उभी राहिली.  याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील १९८७ च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये शिरण्याचा मार्ग असा : आधी सैन्यात भरती व्हायचे, मग स्वेच्छेने नाव द्यायचे. त्यानंतर सुमारे ९० दिवसांची कसोटी : उपाशीपोटी, झोपेविना, पाठीवर ओझे घेऊन. बहुतेक जण गळतात. तिथे जात विचारली जात नाही. पाय चालतात का आणि डोके शांत राहते का, एवढेच पाहिले जाते. मात्र पहिली पायरीच आता अरुंद झाली आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची आणि कायम राहणारे २५ टक्क्यांपर्यंत, असे ठरले.

आणि दुसरा दरवाजाही पाहिला पाहिजे. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात हिंदू राजपूत, हिंदू जाट आणि जाट शीख यांनाच घेतले जाते, असे सैन्याने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. कारण काय, तर समारंभात उंची, बांधा आणि रूप सारखे दिसावे. रॉबर्ट्स गेला, त्याची मोजपट्टी प्रजासत्ताकाच्या पहिल्या नागरिकाच्या दारात उभी आहे.

म्हणून त्या मुलाला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. धावणे सोडू नकोस. कसोटीत तू कोणाहून कमी नाहीस. आणि जिथे कसोटी न घेताच नाकारले जाते, तिथे अर्ज करणे हीसुद्धा आपली जुनी कवायत आहे. वलंगकरांपासून चालत आलेली.