उज्जयिनी : राजधानीपणाची ये-जा

सप्तपुऱ्यांमध्ये अवंतिका या नावाने गणल्या जाणाऱ्या उज्जयिनीचा इतिहास सांगताना राजवंशांची मालिका देण्याचा प्रघात आहे. त्या मालिकेत एक गोष्ट झाकली जाते. या नगरीत सिंहासन अनेकदा आले आणि अनेकदा येथून उठून गेले. क्षिप्रेकाठची वस्ती मात्र उठली नाही.

बुद्धकाली येथे चंडप्रद्योताचे राज्य होते. गढकालिकेच्या परिसरात १९५६ ते १९५८ या काळात झालेल्या उत्खननात जुन्या नगराची मातीची भक्कम तटबंदी आढळली. पुढे अवंती मगधात विलीन झाली आणि राजपुत्र अशोक मौर्यांचा प्रतिनिधी म्हणून येथे राहिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात ‘ओझेनी’चा उल्लेख पूर्वीची राजधानी असा आहे. म्हणजे तेव्हाच हे नगर माजी राजधानी झाले होते! त्याच वृत्तांतात तेथून अकीक आणि तलम वस्त्रे भृगुकच्छ बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. राजा नसला तरी पेठ चालू होती. दुसऱ्या शतकात टॉलेमी मात्र हेच नगर चष्टन क्षत्रपाचे राजस्थान म्हणून सांगतो. क्षत्रपांचा अंत गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने केला. लोककथांतील विक्रमादित्य तोच की दुसरा कोणी, हा वाद पंडितांनी खुशाल चालू ठेवावा.

परमारांच्या काळी भोजाने धारेस मान दिला. इल्तुतमिशच्या स्वारीत, १२३४-३५ च्या सुमारास, महाकालाचे मंदिर उद्ध्वस्त झाले. माळव्याच्या सुलतानांनी मांडूचा डोंगर पसंत केला. अकबराच्या काळी माळवा मोगली सुभा झाला, तेव्हा उज्जैनीस पुन्हा महत्त्व आले.

मराठ्यांचा प्रवेश १७२८ च्या अमझेरा येथील विजयाने सुकर झाला. माळव्याच्या वाटणीत उज्जैन राणोजी शिंदे यांच्याकडे आले आणि त्यांनी तेथे आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर नव्याने उभारले. जवळजवळ पाचशे वर्षांनी झालेला हा जीर्णोद्धार मराठी माणसे अभिमानाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच इतिहासाचे दुसरे पानही मराठ्यांनीच लिहिले आहे. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या फौजेचा उज्जैनीजवळ पराभव केला आणि नगरातील सधन घराण्यांकडून सक्तीने पैसा वसूल केला. ज्या दौलतीच्या नावाने दोन्ही सरदार लढत होते, तिचीच पेठ त्यांनी नागवली. परकी आक्रमणांची गणती करताना या वर्षाला वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ छावणी टाकली. ती छावणी उठली नाही. तिचेच ‘लष्कर’ झाले आणि उज्जैनीची राजधानी पुन्हा एकदा गेली.

तरीही ग्वाल्हेर दरबाराचा या नगराशी संबंध तुटला नाही. बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेले गोपाळ मंदिर त्याची साक्ष देते. त्याहून महत्त्वाचे कार्य नदीकाठच्या वेधशाळेत झाले. भारतीय ज्योतिषात मूळ रेखांश लंका आणि उज्जयिनी यांवरून जातो असे मानले गेले. सूर्यसिद्धान्तात तसा निर्देश आहे. त्याच परंपरेला मान देऊन माळव्याचे सुभेदार सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात येथे सम्राट, नाडीवलय, दिगंश आणि दक्षिणोत्तर भित्ती ही यंत्रे उभारली. नंतर ती पडीक झाली. १९२३ मध्ये महाराज माधवराव शिंदे यांनी त्यांची दुरुस्ती करविली आणि ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांनी वेधशाळेचा कारभार पाहिला. १९४२ पासून या वेधशाळेतून दृश्य ग्रहस्थितीचे पंचांग प्रसिद्ध होऊ लागले.

संस्थाने विलीन होऊन १९४८ मध्ये मध्यभारत झाला, तेव्हा राजधानीचा मान ग्वाल्हेर आणि इंदूर यांनी वाटून घेतला. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि तो मान भोपाळला गेला. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, उज्जैनीस विक्रम विद्यापीठ मिळाले.