फ्ल्युओरिडीकरण व स्थानिक सार्वमत

फ्ल्युओरिडीकरण व स्थानिक सार्वमत : दंतक्षयास प्रतिबंध करण्याच्या हेतूने सार्वजनिक पाणीपुरवठ्यातील फ्ल्युओराइडाचे प्रमाण ठराविक मर्यादेपर्यंत वाढविणे म्हणजे फ्ल्युओरिडीकरण होय. हा उपाय योजावा की नाही, याचा निर्णय मुख्यत्वे अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत अनेकदा त्या त्या नगरातील मतदारांच्या कौलावर सोपविण्यात आला. सार्वजनिक आरोग्याच्या फारच थोड्या उपायांना असे वारंवार मतदानास सामोरे जावे लागले आहे.

पार्श्वभूमी : कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ पासून व्यवसाय करणारे दंतवैद्य फ्रेडरिक मकाय यांना तेथील रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. असे दात किडण्याचे प्रमाण मात्र कमी असल्याचे पुढे त्यांच्या लक्षात आले. १९३१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी या डागांचा संबंध पाण्यातील फ्ल्युओराइडाशी जोडून दाखविला. एच. ट्रेंडली डीन यांच्या पाहणीतून असे निष्पन्न झाले, की दर लिटर पाण्यात सु. १ मिग्रॅ. फ्ल्युओराइड असल्यास दंतक्षय बराच कमी होतो व दातांवर ठळक डागही पडत नाहीत. त्यानुसार २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे जगातील पहिले फ्ल्युओरिडीकरण सुरू झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील न्यूबर्ग व कॅनडातील ब्रँटफर्ड येथेही हा प्रयोग हाती घेण्यात आला.

सार्वमताचा अवलंब : अमेरिकेत पाणीपुरवठा हा प्रामुख्याने नगरांच्या अखत्यारीतील विषय आहे. अनेक नगरांच्या सनदांनुसार ठराविक संख्येने सह्या गोळा करून नगरपरिषदेचा निर्णय मतदानास लावता येतो. या तरतुदीचा विरोधकांनी पुरेपूर उपयोग केला. विस्कॉन्सिन राज्यातील स्टीव्हन्स पॉइंट येथील मतदारांनी १९५० मध्ये फ्ल्युओरिडीकरण नाकारले. संघराज्याच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने या उपायास मान्यता दिली तीही याच वर्षी. सिॲटल येथे १९५२ व १९६३ मध्ये प्रस्ताव फेटाळला गेला व १९६८ मध्ये संमत झाला. सॅन अँटोनिओ येथे १९६६ व १९८५ मध्ये नकार, तर २००० मध्ये होकार मिळाला. ऑरेगन राज्यातील पोर्टलंडच्या मतदारांनी १९५६ व १९६२ मध्ये दिलेला नकार १९७८ मध्ये फिरविला. परंतु अंमलबजावणीपूर्वीच १९८० मध्ये ती संमती काढून घेतली. नगरपरिषदेने २०१२ मध्ये पुन्हा केलेला ठरावही मे २०१३ च्या मतदानात सु. ६१ टक्के मतांनी रद्द झाला.

वादाचे स्वरूप : एकाच नळाचे पाणी गरीब-श्रीमंत सर्वांस मिळते, म्हणून ज्या बालकास दंतवैद्य परवडत नाही व ज्यास मताधिकारही नाही, त्याचे हित यात साधते, असे समर्थकांचे म्हणणे. क्लोरीन पाणी निर्जंतुक करण्यासाठी घालतात, फ्ल्युओराइड मात्र पिणाऱ्याच्या शरीरावर परिणाम घडविण्यासाठी, आणि ते नको असलेल्यास नळ वेगळा करता येत नाही, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप. शीतयुद्धाच्या काळात यामागे साम्यवाद्यांचे कारस्थान असल्याचा निराधार आरोपही झाला. त्यामुळे सर्वच विरोध अज्ञानमूलक मानण्याची प्रवृत्ती बळावली. संमतीचा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. क्रेन, कॅट्झ व रोझेन्थाल यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निर्णयपद्धतीचे महत्त्व स्पष्ट झाले : जेथे कार्यकारी सत्ता भक्कम होती तेथे हा उपाय सहज स्वीकारला गेला, जेथे प्रश्न सार्वमतास गेला तेथे तो फेटाळला जाण्याचा संभव वाढला. तज्ञांत मतभेद असल्याचे नुसते दिसले तरी आहे तीच स्थिती राखण्याकडे मतदाराचा कल होतो.

कॅल्गारीचा अनुभव : कॅनडातील कॅल्गारी येथे १९५७, १९६१, १९६६ व १९७१ मध्ये नकार मिळून १९८९ मध्ये होकार मिळाला. १९९१ मध्ये सुरू झालेले फ्ल्युओरिडीकरण १९९८ च्या मतदानातही टिकले. मात्र २०११ मध्ये नगरपरिषदेने मतदान न घेताच ते थांबविले. एडमंटन येथे ते चालूच होते. सु. सात वर्षांनंतर, २०१८-१९ मध्ये, दोन्ही नगरांतील दुसरीच्या मुलांची तपासणी झाली. तीत दुधाचे दात किडलेल्या मुलांचे प्रमाण कॅल्गारीत ६४·८ टक्के, तर एडमंटनमध्ये ५५·१ टक्के आढळले. २०२१ मध्ये सु. ६२ टक्के मतदारांनी पुन्हा कौल दिला व जून २०२५ मध्ये पुरवठा पूर्ववत झाला. मतदार नेहमीच नकार देतो असे नाही, हे यावरून दिसते.

निर्णयाधिकारातील बदल : आयर्लंडने १९६० च्या कायद्याने हा विषय राष्ट्रीय पातळीवर ठरविला. न्यूझीलंडमधील हॅमिल्टनच्या परिषदेने २०१३ मध्ये फ्ल्युओरिडीकरण थांबविले, तेव्हा त्याच वर्षी मतदारांनी मोठ्या बहुमताने ते परत मागितले. तरीही २०२१ च्या कायद्याने निर्णय आरोग्य महासंचालकाकडे गेला. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने स्थानिक संस्थांचा अधिकार मंत्र्याकडे गेला. याउलट यूटा राज्याने २०२५ मध्ये सर्वत्र बंदी घातली. अनुकूल असो वा प्रतिकूल, दोन्ही बाजूंनी संधी मिळताच स्थानिक मतदारांचा अधिकार काढून घेतला, असे दिसते.

दरम्यान अमेरिकेतील शिफारस केलेले प्रमाण २०१५ मध्ये लिटरला ०·७ मिग्रॅ. करण्यात आले. तेथील राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाने १·५ मिग्रॅ.पेक्षा अधिक प्रमाणाचा संबंध मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी असल्याचे मध्यम खात्रीने नोंदविले, ०·७ मिग्रॅ. प्रमाणाबाबत निष्कर्षास पुरेसा पुरावा त्यास आढळला नाही.

भारतात प्रश्न उलट आहे. अनेक ठिकाणी भूजलातच फ्ल्युओराइड जास्त असल्याने दातांचे व हाडांचे विकार उद्‌भवतात. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत हा त्रास आढळतो. ते काढून टाकण्यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना वापरणारी ‘नालगोंडा पद्धती’ विकसित केली. निसर्गतः आलेल्या फ्ल्युओराइडाबाबत कौल घेण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. तेथे गरज असते ती शुद्ध पाण्याची.