ठिणगीवरील आळ

जुन्या मोटारीचें एंजिन कुरकुरूं लागलें कीं जाणता मिस्त्री प्रथम स्पार्क-प्लग काढून त्याचें टोंक उजेडांत धरतो. ही रीत योग्यच आहे. कारण सिलिंडरच्या पोटांत काय घडतें हें सांगणारा इतका सुलभ साक्षीदार दुसरा नाहीं. कोरडी काजळी दिसली तर मिश्रणांत पेट्रोल अधिक. ओला काळा चिकटा दिसला तर झिजलेल्या रिंगांतून तेल वर चढत आहे. परंतु टोंक वितळलेलें किंवा चिनी मातीचें आवरण तडकलेलें आढळलें, म्हणजे साक्षीदारालाच आरोपी ठरविण्याचा मोह होतो. हा मोह जुना आहे, आणि त्याचा इतिहास मनोरंजक असून कांहींसा भयंकरहि आहे.

१९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांनीं योजलेली विजेची नवी व्यवस्था आली. हॅंडल मारण्याचे कष्ट संपले, दिवे लागले, ठिणगीहि बॅटरीवर पडूं लागली. पण चढावर एंजिनांतून हातोडीसारखे ठोके ऐकूं येत, आणि टीकाकारांनीं त्याचा आळ केटरिंग यांच्या ठिणगीवर घातला. मागणी वाढल्यामुळें त्या काळीं पेट्रोलमध्यें जड अंश अधिकाधिक मिसळले जात होते, याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. नव्या वस्तूवर संशय घेणें मनुष्यास नेहमींच सोपें वाटतें!

१९१६ सालीं केटरिंग यांनीं हें कोडें टॉमस मिजली या तरुणाकडे सोंपविलें. हे शिक्षणानें रसायनज्ञ नव्हत, यंत्रशास्त्राचे पदवीधर होते. सिलिंडरमधील दाबाचे चढउतार प्रकाशरेषेनें टिपून त्यांनीं दाखविलें कीं ठोका ठिणगीच्या आधीं नव्हे, तर नंतर पडतो. इंग्लंडांत केंब्रिजचे हॉपकिन्सन व त्यांचे शिष्य हॅरी रिकार्डो यांनींहि हाच भेद ओळखला होता. एखादें तापून लाल झालेलें टोंक ठिणगीपूर्वींच मिश्रण पेटवितें, हा एक रोग. ठिणगीची ज्वाला पसरत असतां तिच्यापुढें दाबलेलें उरलेलें मिश्रण आपोआप एकदम भडकतें, हा दुसरा. पहिला धातु वितळवितो व कधीं दट्ट्याला भोंकहि पाडतो; दुसरा आघातानें चिनी माती तडकवितो. खरी अडचण ही कीं दुसऱ्यापासून पहिला जन्मतो. ठोक्यांनीं प्लग तापतो, तापलेला प्लग अकालीं आग लावतो, आणि अखेर हातीं येतो तो वितळलेला प्लग. तेथें केवळ प्लग बदलणारा कारागीर रोग्याची जीभ पुसून ताप उतरल्याचें सांगतो, असेंच आम्हांस वाटतें.

निदान बरोबर झालें. उपचाराची कथा मात्र निराळी. थंडींत फुलणाऱ्या एका रोपाचीं पानें तांबडीं असतात; तेव्हां तांबडा रंग उष्णता शोषीत असावा, असें मानून त्यांनीं तेलांत आयोडीन मिसळलें, आणि ठोके थांबले. रंगाचा त्याच्याशीं कांहींएक संबंध नव्हता! चुकीच्या तर्कानें योग्य दार उघडलें. पुढें असंख्य द्रव्यें तपासून ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशाचें एक संयुग सांपडलें. त्यानें ठोके थांबत, पण शिशाचे थर प्लगवर बसून ठिणगीच मारीत. म्हणून शिसें धुरावाटे बाहेर घालविण्यासाठीं ब्रोमीनचें संयुग मिसळावें लागलें. अर्थात् प्लग वाचला आणि शिसें रस्त्यांवरील माणसांच्या श्वासांत गेलें. १९२४ सालीं न्यू जर्सींतील बेवे येथें हें द्रव्य बनवितांना ५ कामगार मरण पावले, तरी विक्री थांबली ती अल्पकाळच. भारतांत शिसेयुक्त पेट्रोल २००० सालीं बंद झालें. मोटारींसाठीं त्याची शेवटची विक्री अल्जीरियांत २०२१ सालीं थांबली.

जुन्या मोटारी हौसेनें सांभाळणारांस या इतिहासाची एक व्यावहारिक गरज आहे. त्यांच्या हातांतील जुन्या पुस्तकांत निरोगी प्लगचा जो करडा-बदामी रंग वर्णिला आहे, त्यांत शिशाच्या राखेचाहि वांटा होता. आजच्या पेट्रोलवर तो रंग तसा उमटत नाहीं. तो आणण्याच्या हट्टानें मिश्रणांत पेट्रोल वाढवीत गेलें तर काजळीच पदरीं पडते. अशा वेळीं रंगापेक्षां टोंकाची धार, चिनी मातीवरील फोड आणि धातूचे बारीक मणी यांकडे पाहावें. तीं चिन्हें शिशाबरोबर गेलेलीं नाहींत.