रात्रीचा फोन कोणाला जावा?

१२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभरातील यूपीआयचे व्यवहार काही तास अडखळले. भाजीच्या गाडीपासून औषधाच्या दुकानापर्यंत लोक ‘पैसे गेले की नाही’ हे पाहत मोबाइल हातात धरून उभे राहिले. एनपीसीआयने नंतर केलेल्या तपासणीत निघालेले कारण विलक्षण साधे होते. काही बँकांच्या प्रणाली ‘त्या व्यवहाराचे काय झाले?’ हा एकच प्रश्न, जुन्या व्यवहारांबाबतसुद्धा, मध्यवर्ती यंत्रणेला पुन्हापुन्हा विचारीत होत्या. प्रश्नांच्या त्या गर्दीत उत्तर देणारी यंत्रणाच बुडाली. ‘उत्तर आले नाही तर पुन्हा विचारा’ अशा अर्थाची आज्ञा कोणीतरी कधीतरी निवांत दुपारी लिहिली असणार आणि चाचणीत ती निर्दोषही ठरली असणार. मग यंत्रणा कोलमडते त्या क्षणी जागे कोणाला करायचे? यंत्रणा सांभाळणाऱ्याला, की ती आज्ञा लिहिणाऱ्याला? हा प्रश्न यूपीआयपेक्षा बराच जुना आहे.

५ फेब्रुवारी १९७१. अपोलो १४ चे ‘अँटारेस’ हे चांद्रयान उतरण्याच्या तयारीत चंद्राभोवती फिरत होते आणि ‘मोहीम सोडून परत फिरा’ असा संकेत देणारी कळ, कोणी हात लावला नसतानाही, मधूनमधून संकेत देत होती. फलकावर टिचकी मारली की संकेत नाहीसा होई; म्हणजे आत धातूचा एखादा सुटा कण फिरत असावा. उतरण सुरू झाल्यावर हेच घडले असते तर संगणकाने ती आज्ञा खरी मानून यान माघारी वळवले असते. मुख्य आज्ञावली चुंबकीय कड्यांतून तारा ओवून अक्षरशः विणलेली होती. तीत एकही शब्द बदलणे शक्य नव्हते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. केंब्रिजमध्ये एमआयटीच्या ड्रेपर प्रयोगशाळेत डॉन आइल्स हा २७ वर्षांचा प्रोग्रॅमर जागा होता. उतरणीच्या आज्ञावलीचा काही भाग त्याने स्वतः लिहिला होता. संगणकाची पुसून पुन्हा लिहिता येणारी जी थोडीशी स्मृती होती, तीत एक विशिष्ट आकडा ठेवला तर ‘परतीचा कार्यक्रम आधीच चालू आहे’ अशी संगणकाची समजूत होईल आणि तो त्या कळीकडे पाहणारच नाही, हे त्याला ठाऊक होते. या युक्तीचे काही दुष्परिणाम होते. त्यांची भरपाई अंतराळवीरांनी हाताने कशी करायची, तेही त्यानेच मांडले. सुमारे दोन तासांत तोडगा तयार झाला, तपासला गेला आणि रेडिओवरून सांगितला गेला. एडगर मिचेल यांनी तो कळफलकावर टिपला आणि ॲलन शेपर्ड यांनी यान उतरवले. हे काम सूचनांचे पुस्तक समोर ठेवून बसलेल्या दुसऱ्या कोणा हुशार माणसाकडून त्या दोन तासांत झाले असते, असे मानणे कठीण आहे. त्या पुस्तकात ही युक्ती नव्हतीच. ती लिहिणाऱ्याच्या डोक्यात होती.

पुढच्या काळात मात्र संगणक-उद्योगाने नेमकी उलटी वाट धरली. प्रणाली मोठ्या झाल्या, लिहिणारे एका इमारतीत आणि चालवणारे दुसऱ्या इमारतीत बसू लागले. १९८० च्या दशकाअखेरीस ब्रिटिश सरकारच्या पुढाकाराने ‘आयटीआयएल’ ही कार्यपद्धती आली आणि तिने घटना, समस्या, बदल यांचे वेगवेगळे कप्पे आखून दिले. त्यात शिस्त होती हे मान्य करायला हवे. पण लिहिणाऱ्याचे मोजमाप नव्या सुविधांवर, तर चालवणाऱ्याचे मोजमाप प्रणाली किती काळ न कोसळता चालली यावर होऊ लागले. एकाला बदल हवा, दुसऱ्याला बदलाची भीती. भौतिकीच्या भाषेत सांगायचे तर प्रतिसादाच्या साखळीत विलंब शिरला. न्हाणीघरात गरम पाणी उशिरा येऊ लागले की माणूस नळ जास्त सोडतो, मग पोळतो, मग घाईने बंद करतो. विलंब वाढला की प्रणाली स्थिरावत नाही, ती हेलकावे खाते.

हा विलंब तोडण्याची भाषा २००६ मध्ये उघडपणे ऐकू आली. ॲमेझॉनचे तंत्रज्ञानप्रमुख वर्नर फोगेल्स यांनी त्या वर्षीच्या एका मुलाखतीत सांगितले की, त्यांच्याकडे जो सेवा बांधतो तोच ती चालवतो. गूगलमध्ये बेन ट्रेनर यांनी २००३ पासूनच प्रणाली सांभाळण्याचे काम सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या हाती दिले होते. २००९ च्या जून महिन्यात फ्लिकरच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी, दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा नवा कोड कसा चढवता येतो, हे दोन्ही बाजूंनी एकाच व्यासपीठावर उभे राहून सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक डेबॉइस यांनी बेल्जियममधील गेंट येथे परिषद भरवली आणि ‘डेव्हऑप्स’ हा शब्द रूढ झाला. पुढे या शब्दाच्या नावाने साधने विकली गेली, पदे निर्माण झाली, प्रमाणपत्रे वाटली गेली. मूळ कल्पना मात्र पाळीच्या तक्त्यात होती: रात्री तीनला वाजणारा फोन आठवड्यातून आठवड्याला फिरत राहावा आणि त्या यादीत कोड लिहिणाऱ्याचे नावही असावे.

भारतात या तक्त्याला वेगळाच अर्थ होता. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत उपग्रहदुव्याने जोडलेले केंद्र उघडले आणि पृथ्वीच्या दोन बाजूंना बसून एकच काम करता येते हे सिद्ध झाले. न्यूयॉर्कची रात्र हा बंगळुरूचा, पुण्याचा, हैदराबादचा दिवस. आणि जेथे ग्राहकाला त्याच्याच दिवसा माणूस हवा, तेथे आपली रात्र. देखभालीच्या करारांतून पहिली, दुसरी, तिसरी अशी पायऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. पहिल्या पायरीवरचा नवशिका अभियंता रात्रपाळीच्या गाडीने हिंजवडीला पोचायचा, इशारा आला की सेवा पुन्हा सुरू करायचा आणि नोंद बंद करायचा. तीच सेवा उद्या त्याच कारणाने पडणार हे त्याला अनेकदा ठाऊक असे. पण कोड बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता आणि ज्याला होता तो झोपलेला होता. ‘डेव्हलपमेंट’ म्हणजे प्रतिष्ठा आणि ‘सपोर्ट’ म्हणजे शिक्षा, ही उतरंड आपल्याकडे जातिव्यवस्थेच्या सहजतेने रुजली. त्या रात्रींत साचलेले ज्ञान कोणाच्याच आराखड्यात पोचले नाही, हे त्या व्यवस्थेचे सर्वांत मोठे नुकसान.

म्हणून कोड लिहिणाऱ्याला पाळीत आणणे हा न्यायाचाही प्रश्न आहे. पण नुसते जागवून न्याय होत नाही. दिवसभर नवे काम, रात्री फोन आणि सकाळी नऊची बैठक, असा अर्थ लावणाऱ्या संस्थांनी या विचाराचे फक्त कष्ट उचलले. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एका पाळीत दोनपेक्षा जास्त घटना येऊ नयेत आणि अशा कामात निम्म्याहून अधिक वेळ जाऊ नये, असे धरले आहे. कारण घटनेचे मूळ शोधायला, ते लिहून काढायला आणि दुरुस्त करायला वेळ लागतो. त्या चौकशीत चुकलेल्याचे नाव शोधायचे नसते, हीही अट आहे. ज्या कार्यालयात चूक कबूल केली की वार्षिक गुण कापले जातात, तेथे रात्री फोन उचलणारा माणूस सकाळी खरे कारण लिहील, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ. आणि जागलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी तो कोड बदलण्याचा अधिकार व वेळ नसेल, तर पहिल्या पायरीवरच्या त्या नवशिक्याची जागा फक्त अधिक पगाराच्या माणसाने घेतली, इतकेच होते.

एप्रिल २०२५ च्या त्या शनिवारनंतर एनपीसीआयने बँकांना मर्यादा घालून दिली: व्यवहाराची स्थिती विचारण्यापूर्वी किमान ९० सेकंद थांबायचे आणि दोन तासांत तीनपेक्षा जास्त वेळा विचारायचे नाही. कोडमध्ये उतरवायच्या म्हटल्या तर या दोन-चार ओळी. आपलाच प्रश्न समोरच्या यंत्रणेला कसा गुदमरवतो हे ज्याने एकदा रात्री जागून पडद्यावर पाहिले आहे, असा प्रोग्रॅमर परिपत्रक येण्याआधीच त्या लिहितो.