लेखणीचे सांगाती

नगर शहराच्या उत्तरेस, मनमाडच्या रस्त्याला लागून, सावेडी आहे. एके काळी हे शहराबाहेरचे वेगळे गाव होते. पुढे शहर वाढत वाढत त्याच्यापर्यंत आले, आणि आज अहिल्यानगर महानगरपालिकेच्या हद्दीतील ते एक गजबजलेले उपनगर आहे. शिक्षक, प्राध्यापक, वकील, पेन्शनर अशा सुशिक्षित कुटुंबांची येथे मोठी वस्ती. अशा वस्तीत दर दहा-वीस घरांमागे एखादा तरी लिहिणारा असतोच. त्याची वही कपाटात असते, ती घरच्या मंडळींना ठाऊक असते. पण चार घरे पलीकडे तशीच एक वही दुसऱ्या कपाटात पडून आहे, याची मात्र दोघांनाही वार्ता नसते. लिहिणाऱ्यांनी एकमेकांस शोधावे कसे, आणि शोधून काढल्यावर एकमेकांस द्यावे काय, हा प्रश्न म्हणून वाटतो तितका किरकोळ नाही. त्याचे उत्तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सापडते, आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग याच नगर शहरात घडला आहे.

गवयाला तबलजी लागतो, कीर्तनकाराला मागे टाळकरी लागतो. लेखकाची कला मात्र अशी की, ती एकट्यानेच करावयाची. घरची माणसे ऐकतात ती मायेने, आणि मायेच्या स्तुतीवर लेखकाचा विश्वास बसत नाही. संपादक वाचतो तो घाईने, आणि त्याच्या 'साभार परत' या दोन शब्दांतून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही. या दोहोंच्या मधला जो तिसरा, म्हणजे स्वतः लिहिणारा, शब्दासाठी स्वतः रात्र जागलेला असा श्रोता, तोच नेमका दुर्मिळ असतो.

तो न मिळाल्यास काय होते, हे केशवसुतांच्या चरित्रावरून दिसते. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे खानदेशात फैजपूरला व नंतर धारवाडला शिक्षकी करण्यात काढली. १९०५ साली ते वारले तेव्हा त्यांच्या कवितेचे एकही पुस्तक निघालेले नव्हते. ते हरिभाऊ आपट्यांनी पुढे १९१७ साली काढिले. दत्त कवी म्हणजे दत्तात्रेय कोंडो घाटे हे तर १८९९ साली ऐन तारुण्यात गेले, आणि त्यांची कविता पुस्तकरूपाने यावयास १९२२ साल उजाडावे लागले. या दोघांच्या प्रतिभेविषयी कोणास शंका नाही. उणीव होती ती, ते हयात असता त्यांच्या कवितांची वही हाती घेऊन 'हे छापिलेच पाहिजे' असा आग्रह धरणाऱ्या मंडळाची.

त्या काळी कवींना जोडणारा मुख्य दुवा टपालाचा होता. जळगावाहून नारायण नरसिंह फडणीस हे १८८७ पासून 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवीत. अंक हाती आला की, दूरच्या कोण्या गावी आपल्यासारखाच कोणी आहे एवढे कळे. परंतु छापील नाव म्हणजे माणूस नव्हे. माणसे समोरासमोर आली ती १९०७ साली, जळगावी भरलेल्या महाराष्ट्रातील पहिल्या कविसंमेलनात. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तेथे धरणगावचा एक सतरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हणून दाखविली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे त्याचे नाव. अध्यक्षांनी त्यास 'बालकवी' म्हणून गौरविले, आणि ती पदवी त्याला जन्माची चिकटली.

संमेलन संपले की कवी आपापल्या गावी परततात, टाळ्यांचा आवाज विरतो, आणि वही पुन्हा एकटी पडते. या मुलाचे तसे झाले नाही. याचे श्रेय त्या संमेलनास आलेल्या एका प्रौढ कवीकडे जाते. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केल्यानंतर ते नगरास अमेरिकन मिशनच्या कामात रमले होते. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ साली निघाले ते याच गावातून. त्याच्या मराठी विभागाचे संपादकत्वही पुढे १९१२ मध्ये टिळकांकडे आले. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रभर झालेले होते. त्यांनी या मुलाची पाठ थोपटली आणि तेवढ्यावर न थांबता त्याला नगरास आपल्या घरी आणिले. ब्राह्मण कुळातला मुलगा ख्रिस्ती कुटुंबात राहावयास जातो, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला सहज मानवणारी नव्हती. काव्याचे नाते तेथे जातिधर्माच्या नात्याहून बळकट ठरले.

टिळकांच्या घरी ठोंबरे घरच्या मुलासारखे वावरले. टिळक वयाने जवळजवळ तीस वर्षांनी वडील. तथापि बालकवींची कविता टिळकांच्या कवितेची प्रतिकृती झाली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. टिळकांच्या फुलाला देव आठवतो. बालकवींचे फूल आपल्याच आनंदात डोलते, आणि पुढे पुढे त्याच निसर्गावर औदासीन्याची छाया पडते. 'फुलराणी' आणि 'औदुंबर' या दोन कविता शेजारी ठेवून पाहाव्यात. खरा सांगाती आपल्या वाटेने चालण्याचे बळ देतो. आपल्या पावलावर पाऊल टाकावयास लावीत नाही.

या घरात आणखी एक लेखणी सिद्ध होत होती, आणि तिचा कोणालाच अंदाज नव्हता. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस शाळेचे शिक्षण असे मिळालेच नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. घरात रात्रंदिवस कवितेची चर्चा, एका बाजूस नवरा कवी, दुसऱ्या बाजूस मुलासारखा ठोंबरे कवी. त्या सहवासात बाईही पद्य रचू लागल्या. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले, त्याचा उरलेला मोठा भाग त्यांनीच पुरा केला. आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांपैकी एक या बाईंच्या हातून उतरले आहे हे महाराष्ट्रास कळले. बालकवींचे त्या घरातले हसणे-रुसणे आज आपणांस ठाऊक आहे तेही त्याच पुस्तकामुळे. ज्याला आसरा दिला त्याने घराला काव्य दिले, आणि घराने त्याची स्मृती राखली.

पण अशा एका घरावर अवलंबून राहण्यात धोकाही असतो. ५ मे १९१८ रोजी खानदेशात भादली स्टेशनावर आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. त्यांचे वय अठ्ठावीसही झाले नव्हते. १९१९ च्या जानेवारीत गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी गेले, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी टिळकही गेले. एका वर्षाच्या अवधीत मराठी कवितेचे तीन आधार कोसळले. व्यक्तीभोवती जमलेला मेळा व्यक्तीबरोबर संपतो.

यानंतर पुण्यात जे घडले त्यात म्हणूनच एक नवी गोष्ट आहे. १९२३ साली तेथे रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, नाट्यछटाकार दिवाकर, द. ल. गोखले आणि वि. द. घाटे ही त्यातील आठ मंडळी. सात पुरुष व एक स्त्री, म्हणून लोक त्यांस सप्तर्षी आणि अरुंधती म्हणत. यांपैकी घाटे हे वर उल्लेखिलेल्या दत्त कवींचे चिरंजीव. वडिलांच्या पिढीस जे लाभले नाही ते मुलाच्या पिढीने आपण होऊन उभारले. येथे कोणी गुरू नव्हता. रविवार ठरलेला, चहा ठरलेला, आणि आठवड्यात जे लिहिले ते वाचून दाखवावयाचे हेही ठरलेले. त्याच वर्षी 'किरण' हा सर्वांचा मिळून संग्रह निघाला. पाठोपाठ 'उषा', 'शलाका', 'प्रभा' निघाले. एकट्याचे पुस्तक काढणे ज्यास जड जाते, त्याला आठांत मिळून ते सोपे होते. मंडळाच्या कवींनी आपली कविता सभांतून गाऊन दाखविली, आणि कवितेचा श्रोता दिवाणखान्याबाहेर वाढला.

या व्यवस्थेचे मर्म परदेशातही असेच दिसते. बेंजामिन फ्रँकलिन याने १७२७ साली फिलाडेल्फिया येथे 'जुंटो' नावाचे मंडळ काढिले. दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक, आणि प्रत्येक सभासदाने तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचलाच पाहिजे असा नियम. लिहिण्याची स्फूर्ती येईल तेव्हा येवो, वाचण्याचा दिवस मात्र टळावयाचा नाही. आळसावर याहून चांगला उपाय अद्याप निघालेला नाही.

मंडळांस एक रोगही जडतो, तो परस्परस्तुतीचा. रविकिरण मंडळासही या आरोपाला तोंड द्यावे लागले, आणि आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले' मधील विडंबनांनी त्या काळच्या काव्यपंथाची जी थट्टा केली तीत मंडळही सुटले नाही. त्या थट्टेत अन्याय किती व न्याय किती, हा वाद वेगळा. परंतु ज्या बैठकीत कोणी 'ही ओळ जमली नाही' असे म्हणत नाही, तेथे चहा उत्तम होतो आणि कविता बिघडते, एवढे खरे.

सावेडीच्या कपाटांतील वह्यांना या इतिहासाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. बालकवींस जळगावच्या संमेलनाने पदवी दिली, पण पाठबळ दिले ते नगरच्या एका घराने. लक्ष्मीबाईंस कोणत्याच संमेलनाने शिकविले नाही. त्या ऐकत ऐकत लिहू लागल्या. पुण्याच्या आठ जणांस एक वार पुरला. मोठी सभा, वर्गणी, अध्यक्ष यांवाचून ही तिन्ही कामे झाली. चार लिहिणारे, एक ठरलेला दिवस, मोकळेपणाने ऐकणारे कान, आणि वर्षाकाठी मिळून काही छापण्याचा संकल्प, एवढे भांडवल कोणत्याही आळीत जमू शकते. ते न जमल्यामुळे किती वह्या रद्दीच्या दुकानी गेल्या याची गणती इतिहासात नाही. कारण ज्या वह्या नाहीशा झाल्या, त्यांचा इतिहास कोणीच लिहू शकत नाही.